उडत्या वाघांचा राखणदार

आमच्या ऑफिसात दिगंबर घाडीच्या नावाची एक खुर्ची होती. चाकांची, पाठीला जाळी असलेली, मालकानं खास त्याच्यासाठी आणवलेली. तिच्यावर मी हेल्मेटं पाहिली, ऑइलचे डबे पाहिले, एकदा तर सुक्या बांगड्यांची पिशवी पाहिली, पण घाडी बसलेला कधी पाहिला नाही. माणूस टेकायचाच नाही. चहाचा कप घेऊन दाराशी जायचा, तिथून फाटकाशी, फाटकापाशी एक घोट, की परत. वाक्य माझ्या टेबलापाशी सुरू करायचा आणि त्याचा शेवट बाहेर यार्डात कुठेतरी करायचा. मी वैतागून ओरडायची, "घाडीभाऊ, एक तर आत बोला, नाहीतर बाहेर!" बाहेरून उत्तर यायचं, "वयनी, बसलंय की माका कायतरी होता!"

समोर मी त्याला अहो-जाहो करायची. आठवताना मात्र तो एकेरीत येतो. माझ्या मनातली सगळी जवळची माणसं तशीच येतात, म्हणून इथेही तसंच लिहिते.

आमचं यार्ड कुवेतमधल्या फहाहीलच्या बाजारामागे होतं, मासळीच्या वासाच्या टप्प्यात. कंपनी चीनहून लहान इंजिनाच्या मोटरसायकली मागवायची आणि चालवणाऱ्या पोरांसकट त्या हॉटेलांना द्यायची. त्या भागातल्या घरांत जी बिर्याणी, जो शवर्मा गरमागरम पोचायचा, तो आमच्या पोरांच्या पाठीमागच्या खोक्यांतून. मी तिथे अकाउंट्स बघायची. नाशिकची मी, मोटरसायकलशी माझा संबंध कॉलेजात असताना भावाच्या मागे बसण्यापुरता. घाडी कुडाळच्या पुढच्या एका गावचा. कुवेतला येऊन त्याची अर्धी हयात झाली होती आणि यार्डाचा सगळा कारभार त्याच्याकडे होता. माल उतरवून घेणं, गाड्या जोडणं, पोरांच्या ताब्यात देणं, बिघडल्या की अम्गराच्या भंगार यार्डांतून सुटे भाग हुडकून आणणं, सगळं तोच बघायचा.

उंच, किडकिडीत, मान पुढे काढून चालणारा माणूस. केस पांढरे आणि मिशी काळीभोर. मिशीचा विषय काढलेला त्याला खपायचा नाही. खिशात चाव्यांचा जुडगा, तो सतत खुळखुळायचा, त्यामुळे घाडी कुठे आहे हे न बघता कळायचं. आणि बोलण्यात बढाई ठासून भरलेली. कुवेतमध्ये चीनची पहिली मोटरसायकल आपणच उतरवली असं तो छातीठोक सांगायचा. कुणी विश्वास ठेवत नसे आणि त्यानं त्याचं काही अडत नसे. त्याचे अंदाज तर हमखास चुकायचे. "आज धूळ येवची नाय," असं तो म्हणाला की मी ऑफिसच्या खिडक्या लावून घ्यायची.

गाड्या लोखंडी पिंजऱ्यांत यायच्या. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं धड एकीकडे, पुढचं चाक, हँडल, आरसे आणि बॅटरी वेगवेगळ्या खोक्यांत. पेट्रोलच्या टाकीवर पंख फुटलेल्या वाघाचं चित्र. पोरं गाडीला 'टायगर' म्हणायची, घाडी नुसतं 'वाघ'. "वयनी, आज वाघ सोडूचे हत," असं तो सकाळी दारातून सांगून जायचा आणि मग दिवसभर यार्डात ठाकठूक चालायची.

तशी ती गाडी वाघ वगैरे काही नव्हती. इथल्या रुंद रस्त्यांवर, शेजारून सुसाट जाणाऱ्या धिप्पाड गाड्यांच्या बाजूला ती उभी राहिली की जीव दडपायचा. चेन लवकर सैल पडायची. इंडिकेटरचं प्लास्टिक उन्हानं तडकायचं. टायर बघता बघता गुळगुळीत व्हायचे. इंजिन तेवढं इमानदार, ऑइल वेळेवर बदललं तर तक्रार नाही. घाडी स्वतः त्या गाड्यांना दिवसभर शिव्या घालायचा, पण दुसऱ्या कुणी नावं ठेवली की भांडायला उठायचा. आमच्या कुठल्याशा वितरकानं एकदा "हा चायनाचा कचरा" म्हटलं, तर घाडी त्याला फाटकापर्यंत पोचवत, म्हणजे जवळजवळ ढकलत, सुनावत गेला.

आता त्याच्या गाऱ्हाण्याचं सांगते.

कोकणात देवापुढे गाऱ्हाणं घालतात, म्हणजे सगळ्यांच्या वतीनं एकानं उभं राहून मोठ्यानं मागणं मागायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्यामागे "व्हय म्हाराजा" म्हणायचं. घाडीच्या गावात रवळनाथापुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराण्याचा. हा मात्र तिशीच्या आत इकडे आला आणि मान गावातल्या थोरल्या काकांकडे राहिला. तरी घसा काही स्वस्थ बसू देईना. नव्या गाड्या पोरांना द्यायचा दिवस आला की घाडी सगळ्यांना रांगेत उभं करायचा, प्रत्येक गाडीच्या पुढच्या चाकाखाली एकेक लिंबू ठेवायचा आणि समोर उभा राहून हात जोडायचा. उघड्यावर पूजा केलेली इथे चालत नाही, म्हणून उदबत्ती नाही, नारळ नाही, कुंकू नाही. "लिंबाक कोण काय म्हणताला? लिंबू काय, सरबताचा," असं त्याचं म्हणणं.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" पोरं ओरडायची.

"आज हे झिल नवी गाडी घेवन भायर पडतत. ह्येंच्या वाटेत जा काय आडवा येत असात, ता बाजूक कर!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ह्येंका सुखरूप घराक हाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

झिल म्हणजे पोरं, आणि ही पोरं कोण, तर दोन-चार इजिप्तची, काही नेपाळी, काही केरळचे, काही बांगलादेशी. एकालाही मालवणीचा गंध नाही. पण एकदा सवय लागल्यावर सगळे तालात ओरडायचे. रमदान नावाचा एक दांडगा इजिप्शियन होता, त्याच्या आवाजानं पत्र्याचं छप्पर दणाणायचं. आणि शफीक नावाचा बारीकसा बांगलादेशी, तो डोळे मिटून म्हणायचा. त्यानंच एकदा विचारलं होतं, "दिगूभाई, इसका माने क्या?" घाडीनं सांगितलं, "बोलता हूँ, सबको सलामत घर पहुँचाओ." शफीकनं मान डोलावली आणि पुढच्या वेळी आणखी मोठ्यानं ओरडला.

मला सुरुवातीला हा सगळा प्रकार पोरखेळ वाटला. मी म्हटलं, "घाडीभाऊ, यापेक्षा ब्रेक तपासा." तो रागावला नाही. "ते मी तपासलंयच. प्रत्येक गाडी यार्डात फिरवलंय. पण फाटकाभायर माझो हात पोचणा नाय, वयनी. थंयसून पुढचा कोणी बघूचा?" मी परत माझ्या हिशेबांकडे वळले.

एकदा चीनच्या कारखान्यातून लियांग नावाचा तरुण आला. घामानं निथळत होता, तरी बरोबरच्या थर्मासमधून गरम पाणी पीत होता. त्याला जाणून घ्यायचं होतं की चालवणाऱ्यांना या गाडीकडून नेमकं काय हवं आहे. उन्हाळा होता. त्या दिवसांत भर दुपारी मोटरसायकलींना रस्त्यावर यायला मनाई असते, त्यामुळे सगळी पोरं यार्डातल्या सावलीला पसरलेली. घाडीनं त्यांना उठवून बसवलं आणि स्वतः दुभाषा म्हणून उभा राहिला, म्हणजे येरझाऱ्या घालू लागला.

रमदान म्हणाला, ही सीट माझ्या दुश्मनाला द्या. एका नेपाळ्याला मोबाइल अडकवायची अशी पकड हवी होती, जी खड्ड्यात मोबाइल उडवणार नाही. केरळचा एक जण गंभीरपणे म्हणाला, गाडी ठीक आहे, गिऱ्हाइकं तेवढी तळमजल्यावर राहणारी द्या. लियांगनं तेही लिहून घेतलं. शफीकची पाळी आली तेव्हा तो लाजत म्हणाला, "ऊपर एक छाता लगा दो." सगळे खो-खो हसले. लियांगनं मात्र गाडीचं चित्र काढून त्यावर छत्री काढली आणि शफीकला दाखवली. शफीकचा चेहरा असा काही खुलला की मलाही हसू आवरेना.

शेवटी लियांगनं घाडीला विचारलं, आणि तुम्हाला? घाडी थांबला. चाव्याही थांबल्या. "साउंड," तो म्हणाला. "मिस्टर, साउंड. हॉर्न. बिग." लियांगला वाटलं, रहदारीत सुरक्षितता म्हणून. त्यानं तसं लिहिलं. मी चिडले, एवढ्या लांबून माणूस विचारायला आला आहे, टायर सांगा, चेन सांगा, आणि हा बाबा हॉर्न मागतोय. तर म्हणे, "टायर मी बदलतलंय. हॉर्न माझ्याच्यान बनवूचो नाय."

पुढच्या खेपेला ज्या गाड्या आल्या त्यांना सीट तीच, टायर तेच, छत्री अर्थातच नव्हती. पण हॉर्न बदललेला होता. घाडीनं पहिली बॅटरी जोडून बटण दाबलं आणि यार्डात अशी काही किंचाळी उमटली की बाजारातली मांजरं पळाली. बदकाचा गळा दाबल्यासारखा, दोन सुरांत फाटलेला आवाज. आसपासच्या चार गल्ल्यांत दुसऱ्या कुठल्या गाडीचा असा आवाज नव्हता. घाडीला जग जिंकल्याचा आनंद. "माझ्या सांगण्यावरसून बदलल्यानी!" असं तो भेटेल त्याला सांगत सुटला. त्यानं पोरांना हुकूमच केला की संध्याकाळी पाळी संपवून परत येताना गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजवायचाच. शेजारचा पडदेवाला तक्रार घेऊन आला, मी स्वतः डोकं दुखतं म्हणून भांडले, पण त्यानं ऐकलं नाही.

त्यानंतर शफीकचा अपघात झाला.

धुळीचा दिवस होता. आकाश विटकरी, समोरचं दिसत नव्हतं. कुणाच्या तरी गाडीचा आरसा खोक्याला लागला, शफीक फेकला गेला आणि ती गाडी थांबलीही नाही. मांडीचं हाड मोडलं, खुबा निखळला. घाडी इस्पितळात पोचला तेव्हा त्याच्या हातात काय होतं माहीत आहे? गाडीखाली पहिल्या दिवशी ठेवलेलं लिंबू. सुकून कडक झालेलं. शफीकनं ते चाकाखाली चिरडू न देता खोक्याच्या कोपऱ्यात जपून ठेवलं होतं आणि अपघाताच्या जागी पोलिसांनी गाडी उचलली तेव्हा ते घाडीच्या पायाशी घरंगळत आलं होतं.

दुसऱ्या दिवशी घाडी माझ्या टेबलापाशी आला. चाव्या वाजत नव्हत्या. "वयनी, आबांका फोन लावतंय. तुमी हंयच रवा," म्हणाला. आबा म्हणजे गावातले ते थोरले काका. फोन स्पीकरवर टाकला. पलीकडून आधी कोंबडा आरवला, मग थकलेला पण खणखणीत आवाज आला. घाडीनं सगळं सांगितलं. इतकी वर्षं गाऱ्हाणं घालतोय, कधी शब्द चुकला नाही, मग असं का झालं, असं त्यानं विचारलं. त्याचा आवाज इतका कोवळा मी कधी ऐकला नव्हता.

"गाऱ्हाणा कोणाक घातलंस?" आबांनी विचारलं.

"आपल्या रवळनाथाक."

"आणि तू उभो खंय हस?"

"हंय. कुवेताक."

"मगे थंयचो राखणदार कोण?"

राखणदार म्हणजे त्या-त्या जागेची राखण करणारा तिथला देव.

"आपल्या देवाची शीव व्हाळापर्यंत, दिगू. व्हाळापलीकडच्या गावात आमका गाऱ्हाणा घालूचा असला तर आमी पयलो थंयच्या राखणदाराक विचारतो. मगे आपल्याचा नाव घेतो. ह्या तुका बारक्यापणी शिकवलेला. इसारलंस?"

फोन बंद झाल्यावर घाडी भिंतीला टेकून उभा राहिला. बसला मात्र नाही. "वयनी, इतकी वर्सां मी परक्याच्या दारात उभो रवान आपल्या देवाक हाका मारी होतंय. थंयच्या धन्याक विचारूकच नाय. त्यानी कित्याक बघूचा माझ्या पोरांकडे?"

मी त्याला समजावलं. धूळ होती, गाडीवाला बेफिकीर होता, यात तुमचा काय दोष, वगैरे. ते सगळं खरंच होतं आणि त्याच्या काही उपयोगाचं नव्हतं. देवाधर्माचं मला फारसं काही नाही, पण हा माणूस आतून खचला होता हे दिसत होतं आणि मला ते बघवत नव्हतं. त्याचं दुःख साधं होतं. रोज सकाळी पोरांना तो फाटकाबाहेर सोडत होता, आणि आता कुणाच्या भरवशावर सोडायचं हे त्याला कळत नव्हतं.

मग त्याची जी तगमग सुरू झाली, तिच्यापुढे आधीची अस्वस्थता काहीच नव्हती. इथला राखणदार कोण, एवढाच ध्यास. शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी तो गाडी काढून भटकायचा. अम्गराच्या पलीकडे जिथे भंगार संपून वाळवंट लागतं तिथे जाऊन आला. हवल्लीतल्या जुन्या दुकानदारांना विचारून आला. परत येऊन मला सांगायचा, "कायच नाय, वयनी. एक दगड नाय, एक पार नाय. नुसती रेती." मी म्हणायची, "अहो, रेतीला कुठला राखणदार?" तर माझ्याकडे असं बघायचा की मीच अडाणी. "माणसा रवतत ना? मगे त्येंका कोणतरी राखी असतलो की."

याच काळात नव्या गाड्यांची एक खेप आली. गाड्या जोडल्या, तपासल्या, पोरं रांगेत उभी राहिली. घाडीनं चाव्या वाटल्या आणि पाठ फिरवली. पोरं हलेनात. रमदान इकडेतिकडे बघत म्हणाला, "फेन महाराजा?" म्हणजे, महाराजा कुठाय? घाडी वळलाच नाही. "आज नाही. जाओ." ती पोरं फाटकातून निघाली ती चुळबुळत, मागे वळून बघत. त्या दिवशी घाडीनं चहा घेतला नाही आणि त्या खेपेतली शेवटची गाडी संध्याकाळी परत येईपर्यंत तो फाटकातून हलला नाही.

आमचे मालक अबू तलाल आठवड्यातून एकदा यायचे. चांगलेच वयस्कर होते. गाडीतून उतरायचे नाहीत, काच खाली करून बसल्या बसल्या कारभार बघायचे आणि घाडी खिडकीशी उभा राहून उत्तरं द्यायचा. दोघांनाही ते सोयीचं होतं. त्या आठवड्यात मी सह्या घ्यायला खिडकीशी गेले होते. घाडीनं आपल्या मोडक्यातोडक्या अरबीत त्यांना विचारलंच, "बाबा, पूर्वी इथे काय होतं? तेल लागण्याच्या आधी?"

अबू तलाल हसले. "समुद्र होता आणि वाळू होती. माझे आजोबा मोत्यांच्या होड्यांवर जायचे. उन्हाळाभर समुद्रातच."

"आणि होड्या गेल्यावर इथे कोण राहायचं?"

"बायका. आणखी कोण?"

"त्या काय करायच्या?"

म्हाताऱ्यानं खिडकीवरचा हात काढला आणि समुद्राच्या दिशेनं दाखवला. मोसम संपत आला की बायका किनाऱ्यावर जमायच्या, ते म्हणाले. खजुराच्या झावळ्या पाण्यावर आपटायच्या आणि समुद्राला दटावायच्या. पुरे झालं आता, लाज बाळग, आमची माणसं परत दे. हे त्यांची आजी सांगायची. मग एखाद्या दिवशी होड्या यायच्या. दिसण्याच्या आधी त्यांच्यावरच्या गाणाऱ्याचा आवाज यायचा आणि किनाऱ्यावरच्या बायकांना कळायचं.

अबू तलाल सह्या करून गेले. मग घाडी माझ्याकडे वळला तेव्हा त्याचे डोळे भरलेले होते. "वयनी, हंयपण गाऱ्हाणा होता," तो म्हणाला. "ह्येंच्या बायलो घालीत होत्यो. आणि मी खुळ्यासारखो रेतीत शोधी होतंय."

पुढची खेप आली तो माझा त्या ऑफिसातला शेवटचा आठवडा होता. नवऱ्याची बँक हवल्लीकडे, मलाही तिकडेच नोकरी मिळाली होती. त्याच आठवड्यात शफीक घरी जायला निघाला. कुबडी गेली होती, पण पाय आखूड पडला होता आणि गाडी आता त्याला चालवता येणार नव्हती. विमानतळाला जायच्या आधी तो यार्डात आला. घाडी त्याच्यासमोर उभा राहीना, कधी पान्हा उचल, कधी खोकं सरकव, असं चाललेलं. शफीकनंच त्याला धरून थांबवलं.

"दिगूभाई, आप मुँह काहे को छिपाता है? आप क्या माँगा था? घर बोला था ना? तो मैं घर ही जा रहा हूँ."

घाडी ऑफिसात गेला आणि त्या कधी न बसलेल्या खुर्चीवरून एक लांबट पुडकं घेऊन आला. आत मुठीची काळी छत्री. कुवेतमध्ये छत्री शोधायची म्हणजे काय, ते इथे राहणाऱ्यालाच कळेल. फहाहीलचा सगळा बाजार त्यानं पालथा घातला असणार. "चीनवाला नहीं लगाया," तो म्हणाला, "तो मैं दिया. उधर बारिश होगा." शफीकनं ती उघडून पाहिली नाही. काठीसारखी टेकून उभा राहिला आणि हसला.

नव्या गाड्या ओळीत लागल्या होत्या. घाडीनं प्रत्येक चाकाखाली लिंबू ठेवलं. मग पोरांसमोर उभा राहिला, पण नेहमीसारखा पोरांकडे तोंड करून नाही. बाजाराच्या पलीकडे जिथे समुद्र आहे, तिकडे वळून त्यानं हात जोडले.

"ह्या दर्याचो आणि ह्या वाळयेचो जो कोण राखणदार असात, त्या म्हाराजा," तो म्हणाला. "तुझा नाव माका म्हायत नाय. इतकी वर्सां तुझ्या दारात रवलंय, तुका विचारूक नाय. चुकी माझी. ह्या पोरांची नाय."

पोरं गोंधळली. हे शब्द नेहमीचे नव्हते. मग शफीकनं छत्री वर उचलून एकट्यानंच हाक दिली, "व्हय म्हाराजा!" आणि त्याच्यामागे सगळं यार्ड ओरडलं.

"हंयच्या आयाबायांनी तुका दटावल्यानी, तेंचा तू ऐकलंस. माका दटावूक तोंड नाय. मी पाया पडतंय. हे झिल भायर पडतत. ह्येंका घराक हाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

गाड्या एकेक करत फाटकाबाहेर पडल्या. शफीकची टॅक्सीही त्यांच्यामागून गेली. घाडी माझ्याकडे वळला. मला वाटलं होतं की आता तरी तो शांत झाला असेल, पण चाव्या खुळखुळत होत्या. "वयनी, ऐकलान असात ना?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "ऐकलं असेल हो." दुसरं काय म्हणणार? तो मान हलवत फाटकाकडे गेला.

संध्याकाळी मी सामान आवरून निघाले. मगरिबची बांग नुकतीच होऊन गेली होती. नवरा गाडी घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभा होता. फाटकाच्या खांबापाशी घाडी उभा होता, हातातला चहा निवलेला, मान पुढे काढून, गल्लीच्या वळणाकडे कान लावून. निरोपाचं काही बोलणार, एवढ्यात वळणापलीकडून ती किंचाळी आली. तोच फाटका, दोन सुरांचा हॉर्न, ज्याच्यावरून मी त्याच्याशी इतकी भांडले होते. गाडी अजून दिसत नव्हती. घाडीनं माझ्याकडे पाहिलंही नाही, आणि स्वतःशीच बोलल्यासारखं हळूच म्हणाला, "व्हय म्हाराजा."

मी जागच्या जागी थांबले. लियांगनं विचारलं होतं तेव्हा या माणसानं आवाज का मागितला, ते मला आता कळलं, पोर दिसायच्या आधीच ते परत आल्याचं कानाला कळावं म्हणून, आणि एकदम गलबलून आलं. पुन्हा हॉर्न वाजला, थोड्या वेळानं पुन्हा. प्रत्येक वेळी तो तेवढंच म्हणायचा आणि पुढच्यासाठी कान लावायचा. मी त्याला हाक न मारताच निघाले. आमची गाडी मुख्य रस्त्याला लागेपर्यंत मी काच खालीच ठेवली होती. मागून हॉर्न ऐकू येत होते, आणि अजून सगळे आले नव्हते.